उंदराच्या सापळ्याचा माग: प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर

काम एकच: ताईला नाताळची भेट म्हणून तिच्या लहानपणीचा एक खेळ मिळवून द्यायचा. नाव तिला आठवत नाही. मला तर खेळच आठवत नाही, मी तेव्हा पाळण्यात असणार. खेळ मामांच्या घरी होता. सगळी भावंडं जमली की माळ्यावरून खाली यायचा. मामांनी घर बदललं तेव्हा तो कुणाला तरी देऊन टाकला.

हाताशी आहे ते एवढंच, आणि तेही ताई वेगवेगळ्या वेळी बोलता बोलता सांगून गेलेली. पटावर लाथ मारणारा बूट होता. बादलीतून गोळी पडायची. एक माणूस उडी मारून टबात जायचा. शेवटी वरून पिंजरा यायचा आणि उंदीर अडकायचा. "तो पिंजरा मध्येच अटकायचा, मग आम्ही सगळे टेबलावर बुक्क्या मारायचो," हे वाक्य तर पाठ झालंय मला.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकतो. खेळ खेळता आला पाहिजे. जुनं खोकं, पिवळा पडलेला पट आणि आत अर्धेच भाग, असं काही कपाटात मांडून ठेवायला द्यायचं नाही. ताईने हँडल फिरवलं की माणूस उडाला पाहिजे.

५ सप्टेंबर

ओळख पटली, आणि वाटलं होतं त्यापेक्षा लवकर. खेळाचं नाव ‘माउस ट्रॅप’. बूट, बादली, बाथटब आणि उंदीर एकत्र शोधल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

आयडियल या अमेरिकन कंपनीने तो १९६३ साली बाजारात आणला. रुबिक्स क्यूब जगभर पोचवणारी कंपनी ती हीच. खेळ तयार झाला शिकागोमध्ये, मार्विन ग्लास यांच्या खेळणी घडवणाऱ्या स्टुडिओत. पटावर तिन्ही मितींत काहीतरी उभं राहतं, अशा मोठ्या प्रमाणावर निघालेल्या सुरुवातीच्या खेळांमध्ये याची गणना होते.

त्यातलं यंत्र समजून घेण्यात सगळी संध्याकाळ गेली. सगळा खेळ त्यातच आहे, म्हणून क्रम इथे लिहून ठेवतो. हँडल दातेरी चाकं फिरवतं. चाकं दांड्याला रेटतात. रबरबँडच्या ताणावर असलेली ‘स्टॉप’ची पाटी सुटते आणि खांबाला टांगलेल्या बुटावर आदळते. बूट बादलीला लाथ मारतो. बादलीतली गोळी वेड्यावाकड्या जिन्यावरून टपटपत खाली येते, पन्हळीत शिरते आणि पन्हळीच्या टोकाला असलेल्या दांडीवर आपटते. या दांडीच्या वरच्या टोकाला एक पंजा आहे आणि पंजावर दुसरी गोळी. धक्क्याने ती सुटते, बाथटबात पडते, टबाच्या भोकातून खाली डायव्हिंग बोर्डवर येते. बोर्डच्या दुसऱ्या टोकावर उभा असलेला माणूस उडतो आणि कपडे धुवायच्या टबात जाऊन पडतो. टब हलतो, टबाचा धक्का खांबाला बसतो, आणि खांबाच्या टोकावर नुसताच टेकवून ठेवलेला पिंजरा खडखडत खाली येतो.

खांबाला दाते आहेत. पिंजरा सरळ घसरत नाही, दात्यादात्यावर डुलत उतरतो. म्हणजे ताई म्हणते तो मधेच अटकणारा पिंजरा यंत्राच्या रचनेतच आहे. मामांच्या खेळात काही बिघाड नव्हता.

हे सगळं रूब गोल्डबर्ग या व्यंगचित्रकाराच्या चित्रांची आठवण करून देतं. साधं काम दहा वळसे घेऊन करणारी यंत्रं काढण्यात त्याची हयात गेली. एरवी त्याच्या चित्रांत कागदावरच राहणारी गोष्ट इथे पोरांच्या हातात आली, म्हणून हा खेळ मला मनापासून आवडायला लागलाय. अजून तो माझ्या हातात आलेलाही नाही.

११ सप्टेंबर

प्रश्न: कोणती आवृत्ती?

मूळ १९६३च्या खेळात फासा टाकायचा, पुढे सरकायचं, सगळ्यांनी मिळून सापळा बांधायचा. खेळाडूने स्वतः ठरवावं असं त्यात जवळजवळ काही नव्हतं. १९७०च्या दशकात सिड सॅक्सन यांनी नियम बदलले. ‘अक्वायर’ हा गाजलेला खेळही त्यांचाच. त्यांनी चीजचे तुकडे आणले. ते साठवायचे, आणि योग्य वेळी खर्च करून दुसऱ्याचा उंदीर पिंजऱ्याखाली ढकलायचा. पुढे हा खेळ मिल्टन ब्रॅडलीकडे आणि त्यांच्यामार्फत हॅस्ब्रोकडे गेला.

म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरावर निम्मी छाननी होते: ताईच्या आठवणीत चीज आहे का?

भाऊजींना फोन केला. "भाऊजी, तुम्हीच विषय काढा, माझं नाव मध्ये येऊ देऊ नका." त्यांनी रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं केलं आणि मला निरोप दिला: पुठ्ठ्याचे पिवळे तुकडे होते, ताई ते मांडीखाली दडवायची आणि आमचा मामेभाऊ त्यावरून रडायचा. झालं काम. सॅक्सन यांच्या नियमांनंतरची आवृत्ती.

मामांनाही विचारलं. "खोक्यावर मुलं होती रे, बाकी काय आठवणार? तुमच्या मामीने दोरीने बांधून ठेवलेलं असायचं." आवृत्ती ओळखायला याचा उपयोग नाही, पण दोरी लक्षात ठेवतो.

१९ सप्टेंबर

नवा कोरा का नको, हे भाऊजींनी विचारलं. रास्त प्रश्न आहे, म्हणून नीट पाहून उत्तर दिलं. खेळ आजही निघतो. पण मी पाहिलेल्या अलीकडच्या एका आवृत्तीत यंत्र आटोपशीर केलंय, आणि सापळा खेळ सुरू होण्याआधीच उभा करून ठेवायचा असतो. जुन्या खेळात सापळा डावागणिक, एकेक भाग जोडत उभा राहतो. तुझ्या वाट्याला जिना आला, माझ्या वाट्याला बाथटब. ताईच्या आठवणीत जे आहे ते बरचसं या जोडण्यातच असणार. नवा घेतला तर नाव तेच राहील, संध्याकाळ वेगळी होईल.

भाऊजींना पटलं.

२८ सप्टेंबर

शोध सुरू आहे आणि पहिली अडचण खेळाच्या नावातच. नुसतं नाव टाकलं की खरोखरचे उंदरांचे सापळे येतात, आणि लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या एका नाटकाची माहितीपत्रकं येतात. म्हणून आता उलटं शोधतो: भागांच्या नावांनी. बूट, जिना, बाथटब, उडी मारणारा माणूस. घर आवरताना विकायला काढणाऱ्यांना बऱ्याचदा खेळाचं नाव माहीत नसतं, पण फोटोत काय दिसतंय ते लिहितात. जुन्या खेळांच्या एकत्र विकायला काढलेल्या ढिगांचे फोटोही मोठे करून पाहतो. त्या ढिगांत कधी पन्हळ दिसते, कधी पिवळा टब.

विकणाऱ्याला काय विचारायचं ते ठरवून घेतलंय:

सगळे भाग जोडणीच्या क्रमाने एका चादरीवर मांडून वरून फोटो. ढिगाचा फोटो चालणार नाही.

पटाला भोकं आहेत तिथे चिरा गेल्यात का. भागांच्या खालच्या खुंट्या शाबूत आहेत का.

दातेरी चाकांचे दाते जवळून.

गोळ्या आहेत का. उडी मारणारा माणूस आहे का. हा माणूस डावात हवेतच असतो, त्यामुळे आधी हरवणार तो तोच.

रबरबँडबद्दल विचारत नाही. इतक्या वर्षांनी मूळचा असला तरी कामाचा नसणार.

९ ऑक्टोबर

"पूर्ण संच" म्हणून लिहिलेला एक जवळजवळ ठरला होता. चादरीवरचा फोटो मागितला तेव्हा पंजा नव्हता, पिंजऱ्याचा खांब नव्हता. विकणाऱ्याच्या मनात काळंबेरं होतं असं मला वाटत नाही. खोकं भरलेलं दिसलं की माणूस ‘पूर्ण’ लिहितो. पण जुना खेळ शोधणाऱ्याने या शब्दावर कधीही पैसे पाठवू नयेत. हे प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

१७ ऑक्टोबर

दिशा बदलली. एकच पूर्ण संच शोधण्यापेक्षा एकाच आवृत्तीचे दोन अपुरे संच घ्यायचे आणि त्यातून एक उभा करायचा. जुन्या खेळण्यांची दुरुस्ती करणारे एक संग्राहक आहेत, त्यांना पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं: दोन संच घ्या, पण रंगांवरून आवृत्ती जुळवून घ्या. भाग दिसायला सारखेच असतात, पण रंग बदलला की बहुधा साचाही वेगळ्या काळातला असतो, आणि मग खुंटी भोकात सैल बसते किंवा बसतच नाही.

पहिला संच ठरला: पट उत्तम, चीज भरपूर, चारही उंदीर आहेत, यंत्राचे बहुतेक भाग आहेत. माणूस नाही, एक गोळी नाही, बादलीची कडी तुटलेली. दुसरा ‘भागांसाठी’ म्हणून विकायला होता. त्याचा पट दुमडीवर फाटलाय, पण माणूस आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून रंग जुळवले. जुळतात.

पत्ता माझ्या कचेरीचा दिलाय.

३० ऑक्टोबर

पहिला आला. खोकं उघडल्यावर कोंदट वास, पण बुरशी नाही. सगळे भाग चादरीवर क्रमाने मांडले, आणि काय आहे नि काय नाही त्याची यादी भिंतीवर लावली. पन्हळीच्या एका सांध्याला केसाएवढा तडा आहे, तो फोटोत दिसत नव्हता.

उंदीर हातात घेऊन पाहिले. एकाची शेपटी कुणीतरी चावलीय. दातांच्या खुणा स्पष्ट आहेत, लहान मुलाच्या. ही शेपटी बदलायची नाही.

३ नोव्हेंबर

धुणं. कोमट पाणी, भांड्याचा सौम्य साबण, मऊ दातघासणी. गरम पाणी नको, पातळ प्लास्टिक वाकतं आणि वाकलेली पन्हळ म्हणजे यंत्र बंद. नेलपॉलिश काढायचं द्रावण तर जवळपासही आणायचं नाही. त्यातलं अ‍ॅसिटोन असलं प्लास्टिक विरघळवतं. धुतलेले भाग सावलीत कापडावर वाळवले.

बाथटब पिवळट झालाय. पिवळेपणा घालवायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. मी करणार नाही. प्लास्टिक आधीच जुनं, आणखी ठिसूळ व्हायला नको. शिवाय कपडे धुवायचा टब मुळातच पिवळा आहे, बाथटबाने थोडी साथ दिली तर बिघडलं कुठे.

पट ओल्या फडक्याने पुसायचा नाही, पुठ्ठा फुगतो. कोरडा खोडरबर हलक्या हाताने फिरवला. चारही कोपऱ्यांवर बोटांच्या काळ्या खुणा होत्या, त्या बऱ्याच निघाल्या.

८ नोव्हेंबर

दुसरा संच आला. माणूस ठीक आहे. बादली आहे, कडीसकट. खांबही आहे, म्हणजे खांब आता दोन झाले. त्याबद्दल पुढे. पहिल्या संचाला जे हवं होतं त्यातली गोळी सोडून सगळं मिळालं.

१२ नोव्हेंबर

रबरबँड. छोटी वस्तू, पण सगळं यंत्र तिच्या जोरावर सुरू होतं.

जुना रबरबँड पाटीच्या खुंटीला चिकटून काळा झाला होता, नखाने खरवडून काढला. नैसर्गिक रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने मरतं, प्रकाशाने आणखी लवकर. आधी चिकट होतं, मग कडक होऊन तुटतं. कपाटात नुसतं ठेवलं तरी.

घरातले रबरबँड लावून पाहिले. जाड लावला तर पाटी मागे ताणायला चाकांना जोर पुरत नाही, दाते एकमेकांवरून घसरून कटकट वाजतात. हे फार करायचं नाही, दाते झिजतात. पातळ लावला तर पाटी बुटाला नुसती हात लावते, बूट ढिम्म. शेवटी मधल्या जाडीचा, हुकांच्या अंतरापेक्षा किंचित आखूड असा जमला. पाटी सटकन येते, बूट खणकन उडतो. त्याच मापाचे थोडे जास्त आणून काळ्या कागदाच्या पाकिटात घालून खोक्यात ठेवलेत, पुढच्या वर्षांसाठी.

१६ नोव्हेंबर

हरवलेली गोळी पंजावरची. बादलीतली मूळची पोलादी गोळी शाबूत आहे. व्हर्नियर कॅलिपरने तिचं माप घेतलं आणि पंजाच्या खळग्याचंही. सायकलच्या बेअरिंगसाठी मिळतात तशा पोलादी गोळ्या अगदी अचूक मापात मिळतात, त्यातली घेतली.

इथे ‘साधारण तेवढीच’ असून भागत नाही. गोळीचा व्यास दहा टक्के वाढला तर वजन तेहतीस टक्के वाढतं. जड गोळी पडली की बोर्ड जास्त जोरात उसळतो आणि माणूस टब ओलांडून पटाबाहेर जातो. हलकी असेल तर तो जागेवरच कलंडतो. काचेची गोटी याच कारणाने नको. काच पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाची असते.

२० नोव्हेंबर

पन्हळीचा तडा. झटपट चिकटणारा गोंद वापरला नाही. त्याची वाफ भोवती पांढरी धूळ बसवते, आणि सांधा धक्क्याला कच्चा राहतो. मॉडेल बनवणारे वापरतात ते प्लास्टिकचे कडे विरघळवून एकजीव करणारं पातळ द्रव आणलं. आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला थेंब टाकून पाहिलं. मग बारीक कुंचल्याने सांध्यात सोडलं आणि रात्रभर दाबून ठेवलं.

२३ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा सगळं यंत्र उभं केलं. दिवस यातच गेला.

पद्धत उलटी ठेवली: शेवटापासून सुरुवातीकडे. आधी फक्त खांब, पिंजरा आणि कपडे धुवायचा टब. टबात बोटाने टिचकी मारायची, पिंजरा येतो का बघायचं. ते जमलं की माणूस आणि बोर्ड, गोळी हाताने सोडायची. मग बाथटब, मग पंजा, मग पन्हळ. प्रत्येक टप्पा वेगळा चालला की मागचा जोडायचा. सुरुवातीपासून लावत गेलं तर बिघाड कुठे आहे ते कळत नाही, सगळ्यावरच संशय येतो.

माणूस टबाच्या काठावर आपटून बाहेर पडत होता. बोर्डवर त्याला किंचित मागे उभं केलं, टाचा अगदी कडेला. तेवढ्याने तो डोकं खाली करून थेट टबात जायला लागला. प्लास्टिकचा इवलासा माणूस, पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख रंगवावा असा उभा, आणि प्रत्येक वेळी त्याच आवेशाने सूर मारणारा. त्याला उडताना बघून मला टाळी वाजवाविशी वाटली आणि मी वाजवली.

पंजा सगळ्यात नाजूक. दांडी सैल असेल तर गोळी पन्हळीतून यायच्या आधीच वरची गोळी पडते. नुसत्या कुणाच्या कोपराच्या धक्क्याने. दांडी घट्ट असेल तर गोळी आपटून जागच्या जागी थांबते. दांडी तिच्या जागेत मोकळी डुलली पाहिजे, पण स्वतःहून कलू नये. पट खाली सपाट नसेल तर हे कधीच जमत नाही. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली तेव्हा यंत्र वागायला लागलं. हे ताईच्या कागदावर लिहायचं आहे.

आता खांब. दोन आहेत. दुसऱ्या संचातला खांब वापरून वापरून गुळगुळीत झालाय, त्यावरून पिंजरा दर वेळी तळापर्यंत येतो. पहिल्या संचातल्या खांबाचे दाते अजून टोकदार आहेत. त्यावरून पिंजरा बहुतेकदा उतरतो, पण अधूनमधून मध्यावर अडून तिरका लटकतो.

बारीक पॉलिश कागद समोर होता. दाते घासले असते तर पाच मिनिटांत पहिला खांबही बिनचूक झाला असता. घासले नाहीत. ताईच्या डोक्यात हा खेळ टेबलावर बुक्क्या मारायचा खेळ आहे. तो कधीच न अडकणारा मिळाला तर यंत्र चांगलं असेल, पण तो मामांकडचा खेळ नसेल. अडलेल्या पिंजऱ्याखाली उंदीर वाचणार की नाही, या दोन क्षणांत सगळी पोरं श्वास रोखून उभी राहायची. बिनचूक खांब ते दोन क्षण काढून घेतो. पहिला खांब पटावर लावलाय. गुळगुळीत खांब कागदात गुंडाळून खोक्याच्या तळाशी ठेवतो, भाचीला हवा असला तर तिचा.

३० नोव्हेंबर

खोकं. कोपरे उघडलेले, त्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावलेली. हेअर ड्रायरने लांबून ऊब देऊन पट्ट्या सावकाश सोडवल्या. कोपरे आतून मजबूत कागदाच्या पट्ट्या आणि पांढऱ्या गोंदाने जोडले. बाहेरून काही लावलं नाही. रंग उडालाय तो उडालाय.

७ डिसेंबर

नियमपत्रिका इंग्रजीत आहे आणि भाची आठ वर्षांची. मराठीत एका पानावर नियम लिहून काढले. मुख्य गोष्टी: फासा टाका, पुढे जा. बांधायच्या घरात आलात तर पुढचा भाग जोडा. चीज मिळेल तेव्हा घ्या, उधळू नका. सापळा पूर्ण झाला की उंदीर शेवटच्या गोल फेऱ्यात फिरत राहतात. कुणाचा उंदीर पिंजऱ्याखालच्या घरात असताना तुम्ही हँडलच्या घरात आलात तर हँडल तुमचं. शेवटी उरेल तो उंदीर जिंकला.

खाली वेगळ्या चौकटीत: माणसाच्या टाचा बोर्डच्या कडेला. टेबल सपाट. यंत्र बांधत असताना कोपरं आवरा. हँडल जोरात नको, दमाने.

१४ डिसेंबर

शेजारच्या मुलांना बोलावून एक पूर्ण डाव खेळून पाहिला. कुणीही खेळ आधी पाहिलेला नव्हता. जिना लागेपर्यंत त्यांचं लक्ष इकडेतिकडे होतं. बाथटब लागला तसे सगळे गुडघ्यांवर आले. मग कुणीच फाशाकडे बघेना, प्रत्येकाला पुढचा भाग आपल्या हातून लागायला हवा होता. नियमांचं पान कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, फक्त चीज कधी खर्च करायचं यावर भांडण झालं आणि ते त्यांनीच मिटवलं. पन्हळीचा सांधा टिकला.

२१ डिसेंबर

बांधाबांध. गोळ्या आणि माणूस वेगळ्या छोट्या पिशवीत. गोळ्या मोकळ्या राहिल्या तर खोकं हलवताना प्लास्टिकवर आपटत राहतात. पट तळाशी, भाग वर, मध्ये मऊ कागद. वर मराठी पान. मामांना फोन करून मामी कशी दोरी बांधायची ते विचारलं. "उभी एकदा, आडवी दोनदा, गाठ बाजूला." सुतळीने तशीच बांधली. रंगीत कागद त्यावरून.

२५ डिसेंबर

ताईने कागद काढला, सुतळी पाहिली आणि खोकं उघडायच्या आधीच मामांना फोन लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, बूट आहे ना यात?" आहे म्हटलं.

मामा संध्याकाळी स्वतःच आले. चार उंदीर आणि खेळणारे पाच, म्हणून भाऊजी पंच झाले. पहिल्या डावात पिंजरा सरळ खाली आला आणि भाचीचा उंदीर गेला. दुसऱ्यात मध्यावर तिरका लटकला. ताईने काही न बोलता दोन्ही मुठी टेबलावर आपटल्या, आणि भाचीने लगेच तिच्या मुठी. मामा म्हणाले, "हळू, हळू, माणूस पडेल," आणि माणूस पडलाच. चावलेल्या शेपटीचा उंदीर ताईने निवडला होता. का, ते मी विचारलं नाही. जिंकले मात्र मामा, चीज शेवटपर्यंत धरून ठेवून.

३ जानेवारी

ताईचा फोन. रोज एक डाव होतोय. पन्हळीचा सांधा ठीक आहे, पण हँडलच्या चाकाचा एक दाता पांढरा पडलाय, म्हणजे तिथे ताण येतोय. भाची हँडल जोरात फिरवते. दुसऱ्या संचातलं चाक चांगलं आहे, रविवारी नेऊन देतो. तोवर थोडा पातळ रबरबँड लावायला सांगितलंय. चीजचे काही तुकडे सोफ्याखाली गेलेत. तेवढेच फाटक्या संचातून काढून ठेवलेत, सोबत नेईन.